चटई क्षेत्राबाहेर

(नाशिकच्या एका औद्योगिक वसाहतीत विजेचे स्विच बनवणारा कारखाना. पहिल्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली. दुपारचे तीन.)

शफी : भिंतीला हात नका लावू, ज्ञानेश. रंग ओला आहे अजून. आणि तो ससा बघा. तुमच्या माणसानं स्टिकर उलटं लावलंय. कान खाली, पाय वर.

ज्ञानेश : करतो हो सरळ. तुम्ही मापं घ्या, शफीभाई. मापं जुळली म्हणजे झालं.

शफी : मापं जुळणारच. सहा बाय पाच, तीस चौरस मीटर. मीच काढली होती, सहा वर्षांपूर्वी. पस्तीस वर्षं नकाशे काढतोय, माप चुकलं असं कोणी म्हणालं नाही मला. पण हा वास कसला?

ज्ञानेश : रूम फ्रेशनर मारलंय ना.

शफी : फ्रेशनरच्या खालून रंगाचा येतो, आणि रंगाच्या खालून दारूचा. पडद्याला सिगारेट आहे. सोफा कुठे गेला इथला?

ज्ञानेश : काल खाली स्टोअरला हलवला. फ्रीजही. सहा वर्षं एम.डी. साहेबांची रेस्ट रूम होती, थोडाफार वास राहणारच. उद्या सकाळी परत मारू फ्रेशनर.

शफी : आणि हा पाळणा? झेंडूच्या माळा लावलेला?

ज्ञानेश : पंचवटीतल्या डेकोरेटरकडून आणला. बारशाला देतात ना भाड्याने, तोच. माळा काढायला सांगितल्यात.

शफी : बारशाचा पाळणा! तौबा. तपासणीला येणाऱ्या साहेबांनी उद्या विचारलं, बाळाचं नाव काय ठेवलं, तर काय सांगणार?

ज्ञानेश : चेष्टा पुरे झाली, शफीभाई. सिच्युएशन तुम्हाला माहिती आहे. आपल्याला वर एक मजला चढवायचा आहे. त्यासाठी एक्स्ट्रा एफएसआय मागितला, तर वसाहतीचं ऑफिस म्हणतं, आधी आहे ते बांधकाम मोजू. नकाशात या खोलीवर पाळणाघर लिहिलंय, तर ती उद्या पाळणाघर दिसली पाहिजे. नाही दिसली तर ती मोजणीत धरतील, आणि मग आपलं बांधकाम आत्ताच मर्यादेच्या वर. मजला राहिला बाजूला, नोटीस यायची.

शफी : मला समजावताय? ही अक्कल कोणाची होती?

ज्ञानेश : तुमचीच. म्हणून तर तुम्हाला बोलावलं. ‘जागेवर जाऊन पाहिले, मंजूर नकाशाप्रमाणे आहे’ एवढं लिहून सही करायची. पाच मिनिटांचं काम.

शफी : सहा वर्षांपूर्वी पण पाच मिनिटांचंच होतं.

मनीषा : सर, बोलवलं का? सुपरवायझर म्हन्ले, वर जा. चपला बाहेर काढू?

ज्ञानेश : या, या, मनीषा मॅडम. असू द्या चपला. बसा.

मनीषा : मॅडम? रोज तर वरून ‘ए पॅकिंग’ अशी हाक येती. आज काय झालं? आन् बसू कशावर? या तर सगळ्या बुटक्या खुर्च्या हेत, बालवाडीतल्या.

ज्ञानेश : शफीभाई, या मनीषा आहेर. पॅकिंग लाइनला आहेत, ही बिल्डिंग झाली तेव्हापासून. खालच्या बायका यांचं ऐकतात. मॅडम, हे शफीभाई. आपल्या बिल्डिंगचे नकाशे यांनीच केलेत.

मनीषा : नमस्कार, चाचा. ही साहेबांची खोली ना? सहा वर्षांत कव्हा दाराच्या आत पाय नाय पडला आमचा. झाडायला बी त्यांचा वेगळा मानूस. हे ससे, हत्ती कशाला काढले?

ज्ञानेश : तेच सांगतोय. आपण पाळणाघर चालू करतोय.

मनीषा : खरं?

ज्ञानेश : म्हणजे... आहेच. उद्या व्हिजिट आहे, त्यासाठी जरा फ्रेश करतोय. तर तुम्हाला एक रिक्वेस्ट. खाली त्रेचाळीस लेडीज आहेत, त्यातल्या ज्यांना लहान मुलं आहेत त्यांनी उद्या घेऊन यायची. आठ-दहा तरी पाहिजेत. दहा ते एक. खाऊ, दूध, सगळं कंपनी देईल. फोटो काढले की मुलं घरी.

मनीषा : आन् परवा?

ज्ञानेश : परवाचं परवा बघू.

मनीषा : गेटवर पाटी हे ना सर, लहान मुलांना प्रवेश नाही म्हणून. वॉचमन आत सोडीन का?

ज्ञानेश : पाटी काढली सकाळी.

मनीषा : व्हय, खरंच. येताना वाटलं मला, भिंतीला चार भोकं कशाची. सर, मी विचारू का एक? तुम्हाला आठवत नसंल. मी लागली तव्हा माझा रुद्र आठ महिन्यांचा व्हता. मी तुम्हालाच विचारलं व्हतं, पोराला आनू का, कोपऱ्यात निजंल बिचारा. तुम्ही काय म्हन्ले?

ज्ञानेश : सहा वर्षांपूर्वीचं मला कसं आठवेल?

मनीषा : मला आठवतं. तुम्ही म्हन्ले, इथं मशिनरी आहे, रिस्क आहे, आन् जागा नाही. ‘जागाच नाही हो, असती तर दिली नसती का?’ अस्सं म्हन्ले. लय गोड बोलले व्हते तुम्ही. मला वाईट नाय वाटलं. मी म्हन्लं, खरंच नसंल जागा. मंग मी त्याला गावी, देवळ्याला आईकडं ठेवलं.

शफी : अजून तिकडेच आहे?

मनीषा : तिकडंच. सात पुरे झाले त्याला. शाळा बी तिथलीच. चाचा, ही खोली तव्हा बी व्हती का?

शफी : होती.

मनीषा : पाळनाघर म्हणून?

शफी : नकाशात, हो.

ज्ञानेश : शफीभाई, टेक्निकल गोष्टी यांना कशाला?

शफी : यांना नाही तर कोणाला? इकडे ये, बेटी. हा बघ नकाशा. हा जिना, हे साहेबांचं ऑफिस, ही आपण उभे आहोत ती खोली. वाच, काय लिहिलंय.

मनीषा : पाळणाघर. आन् हे बारीक काय काढलंय? पाळना हे का?

शफी : पाळणाच. खाट, टेबल, कमोड यांची चित्रं कॉम्प्युटरमध्ये तयार असतात, उचलून ठेवायची. पाळणा नव्हता. तो मी हातानं काढला. खरं वाटावं म्हणून.

मनीषा : आन् खाली हे? ‘चटई क्षेत्रातून वगळलेले’. चटई म्हंजी पोरांना निजवायची का? ती बी द्यायची व्हती?

शफी : नाही गं. ती चटई नाही. सरकारी मराठीत एफएसआयला चटई क्षेत्र म्हणतात.

मनीषा : मला वाटलं, चटई बी ढापली यांनी.

शफी : ऐक, साधं आहे. ही जमीन मालकांची नाही. पंच्याण्णव वर्षांच्या पट्ट्यानं घेतलीय, भाड्यानंच म्हण. देणाऱ्यानं अट घातली, एवढ्या प्लॉटवर सगळे मजले मिळून एवढंच बांधायचं, जास्त नाही. त्याला म्हणायचं चटई क्षेत्र. मालकांनी ते पुरतं वापरलं, इंचभर सोडलं नाही. मग त्यांना आठवलं, दुपारी पडायला स्वतःची खोली राहिली. तीस मीटर जास्त होत होते. मला बोलावलं, म्हणाले, शफीभाई, काहीतरी करा.

मनीषा : मंग तुम्ही केलं.

शफी : केलं. कामगारांच्या सोयीच्या काही खोल्या त्या मोजणीत धरत नव्हते. एवढ्या बायका कामाला म्हटल्यावर पाळणाघर कोणालाही पटणार. मी खोलीवर तो शब्द लिहिला आणि खोली मोजणीतून बाहेर पडली. साहेब खूश झाले. पाठ थोपटली माझी. मलाही अभिमान वाटला, झूठ नाही बोलत. आठवडाभर सांगत होतो लोकांना, एका शब्दात तीस मीटर सोडवले म्हणून.

मनीषा : म्हंजी आमच्या पोरांचं नाव सांगितलं, म्हणून साहेबाला खोली भेटली.

शफी : हो.

मनीषा : आन् मला सांगितलं, जागा नाय म्हणून.

शफी : हो.

मनीषा : ह्या डोक्यावर व्हती व्हय जागा. पॅकिंगच्या टेबलाच्या बरोब्बर वर. सहा वर्षं मी खाली खोकी चिकटवती आन् वर माझ्या पोराच्या नावानं सोफा.

ज्ञानेश : हे बघा मॅडम, झालं ते झालं. सगळ्याच कंपन्या काही ना काही करतात. मी पॉलिसी बनवत नाही, मी पण नोकरच आहे. एक मिनिट हं, फोन वाजतोय... सॉरी. मुलीच्या डे-केअरचं नोटिफिकेशन होतं.

मनीषा : निजली का तुमची?

ज्ञानेश : हो, आत्ताच झोपली. हे बघा ना. गंगापूर रोडला ठेवतो तिला, कॅमेरा आहे तिथे, मोबाइलवर दिसते दिवसभर.

मनीषा : लय गोड हे. अंगावरचं पांघरून सरकलंय बघा.

ज्ञानेश : घालतील त्या. तर मॅडम, उद्याचं आपण...

मनीषा : आनायला सांगते मी बायकांना. पोरं बिचारी खाऊ तरी खातील.

ज्ञानेश : थँक यू! मी साहेबांना म्हटलंच होतं, मनीषा मॅडम को-ऑपरेट करतील. आता एक छोटंसं. हे रजिस्टर. पाळणाघर हजेरी. प्रत्येक पानाखाली पालकाची सही लागते. तुम्ही आधी करा, तुमची बघून बाकीच्या करतील.

मनीषा : नवीन हे?

ज्ञानेश : जुनं आहे. म्हणजे जुन्या तारखांचं आहे, लिहिलं आत्ता. ऑफिसच्या मुलींनी पंधरा दिवस बसून केलं.

शफी : बघू. पेनं बदललीत वाटतं, निळं, काळं, परत निळं. कोपरे दुमडलेत. आणि हा चहाचा डाग? हा पण पाडला?

ज्ञानेश : ओरिजिनल वाटायला नको?

शफी : शाबास. मी खोटा नकाशा काढला तेव्हा वाटलं, याच्या खालची पायरी नसेल. तुम्ही डागसुद्धा खोटा पाडलात.

मनीषा : थांबा, थांबा. ‘आहेर रुद्र. वय आठ महिने. हजर. दूध घेतले. दुपारी झोपला.’ हे रुद्रचं नाव हितं कसं आलं?

ज्ञानेश : तुमच्या फॉर्ममध्ये होतं ना, कुटुंबाच्या माहितीत. तिथूनच घेतली सगळ्यांची.

मनीषा : ‘हजर. दूध घेतले.’ परत खाली, ‘हजर. दूध घेतले.’ सगळ्या पानावर दूध घेतले. कोनी लिहिलं हे?

ज्ञानेश : एका ट्रेनी मुलीने. का? काही चुकलंय का?

मनीषा : त्याला देवळ्याला सोडून आली ना, त्याच्यानंतर दोन महिने माझं दूध थांबत नव्हतं. चाचा, तुमच्यासमोर बोलायला नको, पन बोलते. ब्लाउज भिजायचा. सुपरवायझर हसायचा, म्हणायचा, पानी सांडलं का अंगावर. मी खालच्या संडासात जायची आन् बेसिनमधी दूध पिळून टाकायची. तिकडं कोनी पान थुकलेलं असायचं, त्याच्यावर. आन् हिनं लिहिलंय दूध घेतले. कोन प्यालं ते? मोरी प्याली.

शफी : बस कर, बेटी.

मनीषा : का बस करू? ऐकवत नाय? मला वाचायला लावलं यांनी. सर, ऑगस्टचं पान कोनतं? पहिल्या वर्षीचं. पोळ्याच्या आदल्या दिवशीचं.

ज्ञानेश : कशाला पाहिजे ते?

मनीषा : हे बघा, सापडलं. एकोणतीस ऑगस्ट. ‘आहेर रुद्र. हजर. शांत होता.’ शांत! त्या दिवशी पहिल्यांदा चालला तो. देवळ्याला, आमच्या ओट्यावर. आईनं फोन केला, दुपारच्या सुट्टीच्या जरा आधी. पाच पावलं चालला म्हन्ली. मी खोक्याला टेप लावत व्हती. सात म्हन्ली का पाच, ते बी नीट ऐकू नाय आलं, मशीन चालू व्हतं. अन् हितं लिहिलंय, तो ह्या खोलीत शांत व्हता.

ज्ञानेश : मॅडम, भावना समजतात मला. खरंच. पण ही फक्त फॉर्मॅलिटी आहे, कोणी वाचत पण नाही हे. आणि तुमचा फायदाच आहे यात. हे लेटर बघा.

मनीषा : कसलं?

ज्ञानेश : वाचा तर. पर्मनंटचं. साहेबांची सही झालीय. सहा वर्षं ठेकेदाराच्या नावावर होतात, आता एक तारखेपासून कंपनीच्या. पगार वाढेल, मेडिकल मिळेल, मुलाच्या शाळेची सवलत मिळेल. मुलाला नाशिकला आणू शकाल तुम्ही. रजिस्टरवर सही झाली की हे लेटर तुमचं.

मनीषा : माझं नाव बरोबर लिहिलंय. ‘मनीषा सोमनाथ आहेर.’ नायतर ठेकेदार नेहमी आहिरे लिहितो.

शफी : विचार करून कर जे करायचं ते. मी काही बोलणार नाही.

मनीषा : तुम्ही कशाला बोलाल? तुम्हाला बोलायचं असतं तर सहा वर्षांमागं बोलले असते. खरं सांगू का, चाचा? यांची तर किळस येतीच हे मला, पन तुमची जास्त येती. यांनी निदान तोंडावर नाय म्हन्लं व्हतं. तुम्ही बसून, डोळ्याला चष्मा लावून, बारीक पाळना काढला. त्यात पोरगं नाय निजनार हे ठाऊक असून.

शफी : येऊ दे किळस. मला पण येतेय. माझ्या घरात तेव्हा नात झाली होती, खुशनुमा. तिचाच पाळणा समोर होता, तो बघून काढला मी. तिला झोका देत देत.

ज्ञानेश : हे काय चाललंय? शफीभाई, तुम्ही तरी... मॅडम, लेटर हातात आहे तुमच्या. मुलाला आणायचंय ना तुम्हाला?

मनीषा : आनायचंय. रोज आनायचंय. सणाला गेली की म्हणते, आता नेते. मंग खोली आठवती, दहा बाय दहा, आमची दोघांची उलटसुलट शिफ्ट. कोन बघनार त्याला? पर्मनंट झाली तर जनरल शिफ्ट भेटंल?

ज्ञानेश : भेटेल. मी बघतो ना. माझा शब्द.

मनीषा : तुमचा शब्द.

ज्ञानेश : लिहून देऊ का?

मनीषा : नको. लिहून तर तुम्ही काय बी देता. सर, रुद्र दिवाळीला माझ्याशी भांडला. पहिल्यांदा. म्हन्ला, मामाची पोरं आईबापाजवळ राहतात, मलाच का इथं टाकलं? माझ्याकडं एकच उत्तर व्हतं. म्हन्लं, बाबा, मी विचारलं व्हतं कंपनीत, त्यांच्याकडं जागा नव्हती रे. जागा असती तर एक दिवस नसतं सोडलं तुला. ते ऐकून गप बसला. त्याला पटलं ते.

ज्ञानेश : मग?

मनीषा : मंग आता मी हितं सही करायची, का जागा व्हती आन् माझा पोरगा रोज तिथं निजत व्हता. माझ्या हातानं. उद्या तो मोठा झाला, शिकला, कुठून तरी हा कागद त्याच्या म्होरं आला, तर काय म्हणंल? मला इथं ठेवायची सोय व्हती तरी हिनं मला तिकडं टाकलं. एकच उत्तर हे माझ्याकडं, सर. ते बी तुम्ही मागताय.

ज्ञानेश : कोण दाखवणार आहे त्याला हे? अहो, लॉजिकल विचार करा जरा.

मनीषा : मी पाहिलं ना. तेवढं बास हे. घ्या तुमचं लेटर. घडी नाय पडली, दुसऱ्या कोनाला चालंल नाव बदलून.

ज्ञानेश : म्हणजे सही करत नाही?

मनीषा : नाय. आन् बायकांना बी सांगनार, वाचून मंग करा काय करायचं ते. ज्यांना वाचता येत नाय त्यांना मी वाचून दाखवीन. दूध घेतले, दूध घेतले.

ज्ञानेश : उद्यापासून गेटवर पास चालणार नाही तुमचा. ठेकेदाराला एक फोन पुरतो मला. कळतंय ना?

मनीषा : कळतंय. पाटी परत लावतानाच सांगा वॉचमनला, एका कामात दोन.

ज्ञानेश : शफीभाई, तुम्ही करा तुमची सही, आपण बाकीचं मॅनेज करू. पेन देऊ?

शफी : पेन आहे माझ्याकडे. सही नाही करणार.

ज्ञानेश : काय?

शफी : जागेवर पाहिले, नकाशाप्रमाणे नाही. असं लिहीन पाहिजे तर.

ज्ञानेश : डोकं फिरलंय का? पहिला नकाशा तुमच्या सहीचा आहे. ही खोली खोटी ठरली तर सगळ्यात आधी तुमचं लायसन्स जाईल. या वयात!

शफी : जाऊ दे. एकसष्टावं चालू आहे. पस्तीस वर्षं फुटपट्टी घेऊन फिरलो, माप बरोबर यायचं म्हणून ताठ मानेनं फिरलो. आणि आज या पोरीनं माझं माप घेतलं. मला इथे उभं राहवत नाही, ज्ञानेश. वासानं नाही.

ज्ञानेश : तुम्ही दोघं इथेच थांबा. मी साहेबांना सांगतो, मग बघू. कोणी कुठे जायचं नाही. आणि ते रजिस्टर द्या इकडे.

शफी : घ्या. पण पोळ्याच्या आधीचं पान मी मोबाइलमध्ये घेतलंय, बरं का. डागासकट.

ज्ञानेश : तुम्हाला खूप महागात पडेल हे, सांगून ठेवतो. दोघांना!

मनीषा : गेले. दार बी आपटलं. ओला रंग लागला असंल हाताला.

शफी : लागू दे. बस तू. तशी खुर्ची बुटकी आहे, पण बस.

मनीषा : भ्या वाटतंय, चाचा. आत्ता वाटतंय. घरी काय सांगू? ह्यांना सांगितलं व्हतं सकाळी, सरांनी वर बोलवलंय, काहीतरी चांगलं असंल.

शफी : खरं ते सांग.

मनीषा : तुम्ही काय लिहायला लागले?

शफी : उद्या जे साहेब येणार, त्यांना द्यायला. ही खोली कधीच पाळणाघर नव्हती, मी नकाशात खोटं लिहिलं, असं माझं. सही करून देतो. त्याच्याबरोबर तुझं म्हणणं पण जोडू का? जोर येईल. पण तुझ्यावर जबरदस्ती नाही. नाव आलं की तू कायमची अडकलीस यात.

मनीषा : पास तर गेलाच. लिहा.

शफी : नाव, मनीषा सोमनाथ आहेर. काम, पॅकिंग. किती वर्षं?

मनीषा : सहा. वर चार महिने.

शफी : मुलाचं नाव रुद्र. वय सात. कुठे राहतो?

मनीषा : देवळा, आजीकडं. सरुबाई नाव आईचं.

शफी : ‘कारखान्यात जागा नाही असे सांगितल्यामुळे आठव्या महिन्यापासून तिकडे.’ बरोबर?

मनीषा : बरोबर. ‘असे सांगितल्यामुळे’ ते नीट, ठळक लिहा. तेवढं त्याला दाखवता येईल.

शफी : लिहिलं. आता मुलाशी तुझं नातं.

मनीषा : ते पन लागतं?

शफी : लागतं. प्रत्येक अर्जात असतं.

मनीषा : खरंखरं लिहायचं ना सगळं?

शफी : आज तरी खरंच लिहू.

मनीषा : मंग ताई लिहा.

शफी : ताई? मुलगा तुझा ना?

मनीषा : माझाच. माझे दोघं भाऊ मला ताई म्हन्तात, त्यांचं ऐकून तो बी तेच म्हणायला शिकला. आई तो आजीला म्हन्तो. दिवाळीला भांडला ना, तव्हा बी तेच. ताई, मला का टाकलं इथं.

शफी : मी आई लिहितो, बेटी.

मनीषा : लिहा, चाचा. कागदावर आईच हे मी.